त्या नावाचं इथे कुणी नाही

'अशी फाइल अस्तित्वात नाही' हे वाक्य मी गेली तीस वर्षं वाचत आले आहे, आणि दर वेळी माझं उत्तर एकच असतं. आहे रे बाबा, आहे. डोळे उघडून बघ.

माझं काम काय ते सांगायला लागले की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात उरकते. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा रूपात आणून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो तयार मिळतो. पण आमच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची यंत्रं जुनी आणि चमत्कारिक, त्यांना तयार माल चालत नाही. म्हणून मी तो मूळ सोर्समधून, अगदी पहिल्यापासून, बिल्ड करते, म्हणजे घडवते. एवढंच. यात कसली क्रांती नाही, की कुणाचा जीव वाचत नाही.

आता हा कंपायलर एकटा सगळं करत नाही. दशांश अपूर्णांकांचं मोठं गणित आलं की तो एका लायब्ररीला, म्हणजे तयार गणितांच्या एका फाइलला, हाक मारतो. आमच्यात त्याला 'कॉल' म्हणतात, मी मनातल्या मनात हाकच म्हणते. या लायब्ररीच्या नावाच्या शेवटी एक आकडा असतो. तिला हाक मारायची रीत बदलली की तो आकडाही बदलायचा, असा शिरस्ता. आमच्या या लायब्ररीचा आकडा चार होता, तो सहा झाला. पाच कुणाच्याच वाट्याला आला नाही, तेही एक गूढच. कंपायलर मात्र ज्या दिवशी तयार झाला त्या दिवशीचं नाव पाठ करून बसलेला असतो. मशीनवर नवी सहा येते, कुणीतरी शहाणा साफसफाई म्हणून चार पुसून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी कंपायलर चारला हाक मारतो आणि जागच्या जागी बसतो. अशी फाइल नाही म्हणे. लायब्ररी तिथंच असते, त्याच कप्प्यात, सहा नावानं.

यात त्या बिचाऱ्याची चूक नाही. त्याला जे नाव शिकवलं तेच तो घेतो.

गेल्या हिवाळ्यात हेच झालं. सर्व्हर बदलला, कंपायलर बसला. मी वारज्याला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, समोर अर्धी पोळी तशीच ठेवून स्क्रीनकडे बघत होते. ऑफिस आता घरीच असतं. दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं? स्क्रीनवरचा टीम लीड, जो मला 'मॅम' म्हणतो आणि माझ्या निम्म्या वयाचा आहे. आणि लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई, दरवाजा बंद करा म्हणणारी. ती हिंदीत बोलते. एकटं वाटतं, सांगूनच टाकते. वाटत नाही म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

बुधवार होता. दर बुधवारी आणि रविवारी मी आईला भेटायला विश्रांतवाडीला जाते. वारजे ते विश्रांतवाडी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तीनला निघणं भाग. अडीच वाजले होते. आणि मी, जिनं टीमच्या नियमांत स्वतःच्या हातानं लिहिलंय की असलं करू नये, तिनं तेच केलं. सिमलिंक टाकली. म्हणजे काय, तर सहाच्या दारावर चारची पाटी लावून दिली. कंपायलर आला, पाटी वाचली, आत शिरला, चालू झाला. लीडला कळवलं, झालं म्हणून. तोंडाला स्कार्फ गुंडाळला, हेल्मेट घातलं आणि निघाले.

आता माझ्या नावाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव बदलतं ते बदलतंच, वर नावही बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात. झालं, कालपर्यंतची ती संपली. माझ्या नवऱ्याचं अक्षर मोठं, त्यामुळे शेवटचं अक्षर ताटाच्या काठावर चढलं आणि सगळे हसले. मीही हसले. नवं नाव मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? जुन्या नावाच्या आमच्या वर्गातच तिघी होत्या.

आई हसली नव्हती. 'तेवीस वर्षं मी हाका मारल्या, त्या नावाला काय धाड भरली होती?' असं तिनं मांडवातच मावशीला विचारलं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि तिनं ते नवं नाव कधी म्हणून तोंडातून काढलं नाही.

लग्नाला आठवडा झाला असेल. आईनं नारायण पेठेतून सासरी फोन केला आणि अमकीला बोलवा म्हणाली. फोन सासूबाईंनी घेतलेला. त्या म्हणाल्या, 'त्या नावाचं इथे कुणी नाही,' आणि ठेवून दिला. त्यांच्या बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. मी शेजारीच कोथिंबीर निवडत बसले होते. आईनं परत फोन केला आणि म्हणाली, 'अहो, आठ दिवसांपूर्वी माझी मुलगी तुमच्याकडे पाठवली होती, ती पोचली का?' या गोष्टीवर दोन्ही घरं पुढं कितीतरी वर्षं हसली.

माझा नवरा मी एकतीस वर्षांची असताना गेला. आजार होता, सहा महिन्यांत आटोपलं. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत ये असं आई म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. सासूबाईंना दुसरं कुणी नव्हतं. मी नोकरी करत राहिले, आणि आम्ही दोघी वारज्याला या घरात राहायला आलो. तेवीस वर्षं राहिलो. त्यांच्याशी माझं भांडण असं कधी झालं नाही. प्रेम होतं का? होतं बहुतेक, पण आम्ही तो विषय काढला नाही. शेवटची चार वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. अहो आई, उठता का. अहो आई, गोळी घेतलीत का. अहो आई, कूस बदलते हं. दिवसाकाठी शंभर वेळा तरी हे तोंडातून जात असेल. त्या गेल्यावर पहिले काही दिवस मी रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून 'अहो आई' म्हणून जायचे आणि मग स्वतःलाच एक शिवी हासडायचे.

या सगळ्या काळात माझी आई नारायण पेठेत दोन खोल्यांत एकटी होती. वडील आधीच गेलेले. मी रविवारी जायचे, तासभर बसायचे, आणि घड्याळ बघत उठायचे, कारण वारज्याला सासूबाईंची आंघोळ राहिलेली असायची. आई कधी बोलली नाही. फक्त एकदा, मी चपला घालत असताना, म्हणाली, 'चहा अर्धाच प्यायलीस.'

सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं, आता आईला आणू. तोवर उशीर झाला होता. ती गॅसवर भांडं न ठेवताच गॅस पेटवायला लागली होती. वारज्याला आणलं, चार महिने ठेवलं. मी आत मीटिंगमध्ये असले की ती दार उघडून घर शोधायला निघायची. एकदा हायवेच्या सर्व्हिस रोडवर सापडली, हातात पिशवी, मंडईत निघाले म्हणत होती. त्यानंतर विश्रांतवाडी. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, केअर सेंटर म्हणायचं. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून आळंदी रोडची वाहतूक दिसते, आणि तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी चांगल्या आहेत. मी स्वतःला हे रोज सांगते.

तर त्या बुधवारी मी पोचले. दारातल्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'मुलगी'. आई झोपली होती. जागी असली तरी ती मला पाहुणीच समजायची, आजारच तो, असं मी धरून चालले होते. तिच्याकडे असलेल्या मावशी, चाळिशीच्या असतील, लोहगावच्या पलीकडच्या कुठल्या गावच्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'ताई, एक इचारू का? रागवू नका.'

'विचारा की.'

'आजी रोज एक नाव घेत्यात. सकाळपासनं सुरू. कोन हाय ती?'

आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. जुनं. कित्येक वर्षांत ते मी आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वडील गेले, शाळेतल्या मैत्रिणी कुठं कुठं गेल्या, त्यांचीही नावं बदलली असतील. जगात त्या नावानं मला हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं.

'मी आहे ती,' मी म्हणाले.

मावशींनी भिंतीकडे बघितलं. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक कार्ड लावलेलं असतं, त्यावर 'मुलगी' असं लिहून पुढं माझं लग्नानंतरचं नाव. आधार कार्डावरचं, मीच फॉर्मवर लिहून दिलेलं. 'पर हितं तर दुसरं हाय,' त्या म्हणाल्या. 'आमाला वाटलं तुमची थोरली भन असंल. गेली असंल. म्हनून आमी तुमच्याम्होरं इषय काढत न्हाई. आजी लईच रडाय लागल्या की म्हनतो, आजी, त्या नावाचं हितं कुनी न्हाई. तुमच्या लेकीचं नाव हे हाय, ती येती की बुधवारी.'

मी स्टुलावर बसले. म्हणजे आई रोज मला शोधत होती, आणि रोज तिला सांगण्यात येत होतं की अशी कुणी नाही. वर दुसरंच एक नाव पुढं करून हीच तुमची मुलगी म्हणत होते. मग तिनं काय समजायचं? हेच की आपली लेक आली नाही. टाकलं आपल्याला. रोज सकाळी नव्यानं टाकलं. ती सगळं विसरली तरी हे विसरत नव्हती की आपल्याला एक मुलगी आहे, आणि तिचं नाव अमुक आहे.

मावशींचा राग आला का? आला. पण त्यांना जे कार्ड दिलं होतं तेच त्या वाचत होत्या. कार्ड माझंच होतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि कार्डावर, माझ्या नावाखाली, जुनं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, 'दोन्ही एकच.' सगळ्या मावशींना बोलावून सांगितलं की आईनं हे नाव घेतलं की म्हणायचं, आहे, येणार आहे. घरी जाताना मला बरं वाटत होतं. एका दिवसात दोन दुरुस्त्या, दोन्ही पाच मिनिटांत.

रविवारी गेले तर आई उठून बसलेली. केस विंचरलेले, अंगावर तिची मोरपंखी शाल. मावशी हसून म्हणाल्या, 'कवाधरनं वाट बघायल्यात. तुमी येनार म्हनून सांगितलं न् रडनंच बंद झालं बघा.'

मी स्कार्फ सोडला, हेल्मेट खाली ठेवलं, जवळ गेले. 'अहो आई, कशा आहात? गोळी घेतलीत का?'

तिनं माझ्याकडे बघितलं, छान हसली, आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागली. 'बसा ना,' म्हणाली. 'माझी मुलगी यायची आहे.'

'मीच ती,' मी म्हणाले, आणि नाव सांगितलं. स्वतःचंच नाव इतक्या वर्षांनी मोठ्यानं घेताना जीभ अडखळली.

आईनं मला नीट न्याहाळलं. माझे केस पांढरे झालेत, मी रंगवत नाही. चष्मा आहे. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला, पाहुण्यांच्या हातावर ठेवतात तसा. 'तुम्ही फार चांगल्या आहात हो,' ती म्हणाली, 'पण अशी चेष्टा करू नका. कुणाच्या सूनबाई तुम्ही?'

'आता कुणाचीच नाही,' मी म्हणाले.

'अरेरे,' आई म्हणाली.

दोन तास ती दाराकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे. मी मऊ भात भरवला, तो तिनं मुकाट खाल्ला, प्रत्येक घासाला 'पुरे हो, तुम्हाला त्रास' म्हणत. मी निघाले तेव्हा पाठीमागून ऐकलं, ती मावशींना सांगत होती, 'आजही नाही आली.'

संगमवाडीच्या पुलावर मी गाडी बाजूला घेतली आणि स्कार्फमध्ये रडले. स्कार्फचा हा एक उपयोग आहे, शेजारून जाणाऱ्याला काही कळत नाही.

सोमवारी सकाळी लीडचा कॉल. 'मॅम, एक छोटा इश्यू आहे. कंपायलर चालतोय, पण त्यातून निघालेल्या प्रोग्रॅमचे काही आकडे चुकतायत. दशांशानंतरचे.' मग खूप अदबीनं, 'मॅम, तुम्ही सिमलिंक टाकली होती का?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम मी लिहिलेला. टाकली म्हणून कबूल केलं. तो बिचारा 'नो वरीज मॅम' म्हणाला, ते आणखी झोंबलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पाटी बदलून भागत नाही, एवढंच त्यातलं शहाणपण. दार उघडतं, आतून ओ येते, पण हाक जुन्या रीतीची आणि ऐकणारी नव्या रीतीची. बोलणारा एक बोलतो, ऐकणारी दुसरंच समजते, आणि कुणी आरडाओरडा करत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. फाइल नाही म्हणून अडून बसलेला कंपायलर परवडला. हे मी टीममध्ये नवीन येणाऱ्यांना दर वर्षी समजावते, अगदी तोंडपाठ आहे मला. पण माझ्या डोक्यात तेव्हा काही एक शिरलं नाही. मी फक्त चिडले आणि कामाला लागले.

त्यावरचा खरा इलाज वेळखाऊ असतो. कंपायलर पुन्हा मुळापासून बिल्ड करायचा, म्हणजे तो जन्मतःच सहाला सहाच्या रीतीनं हाक मारायला शिकतो. आणि ज्या जुन्या प्रोग्रॅमांना चारच हवी, त्यांच्यासाठी चारही परत आणून शेजारच्या कप्प्यात ठेवायची. आकडा नावातच घालतात तो याचसाठी, दोघींना एका घरात राहता यावं म्हणून. जुनीला हाकलायची काही गरज नसते. पण हे लक्षात कोण घेतो? जागा अडते म्हणतात आणि पुसून मोकळे होतात.

सगळी जमवाजमव करता करता बुधवार उजाडला. दुपारी दोनला बिल्ड सुरू केलं. हे प्रकरण तासन्‌तास चालतं, कारण कंपायलर आधी जुन्याकडून स्वतःला बनवून घेतो, मग स्वतःच स्वतःला बनवतो, मग खात्री पटावी म्हणून आणखी एकदा. मध्ये काही अडलं तर बघायला हवं, म्हणून लॅपटॉप पिशवीत टाकला आणि विश्रांतवाडीला गेले.

आई पुन्हा केस विंचरून बसलेली. पुन्हा मोरपंखी शाल. मी पुन्हा 'अहो आई, बसू का इथे?' म्हणाले. तिनं सरकून जागा दिली. मी लॅपटॉप तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्या पलंगावर सरकवायच्या चाकाच्या टेबलावर. स्क्रीनवर बिल्डच्या ओळी वर सरकत होत्या, एकामागून एक, न थांबता. आईला ते बघायला आवडलं. दाराकडचं लक्ष पहिल्यांदाच जरा हललं.

'हे काय हो?' तिनं विचारलं. 'नावं आहेत का?'

'हो, नावंच आहेत. यादी आहे एक.'

ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच, मावशींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाली, 'माझ्या मुलीचं आहे का बघता त्यात?'

'बघते हं,' मी म्हणाले. आणि खरंच बघत बसले, दुसरं काय करणार? स्क्रीनवरचं सगळं धूसर झालं होतं.

चारला मावशींनी दुधाचा पेला आणून टेबलावर ठेवला. मी म्हणाले, 'आई, दूध घेता ना? गरम आहे, सावकाश घ्या.' तिनं दाराकडे बघतच हात पुढं केला. पेल्याला बोटं लागली, पेला आडवा झाला, आणि सगळं दूध सायीसकट कीबोर्डवर.

'अगं आई! काय करतेस काय! लक्ष कुठंय तुझं? समोरचं दिसत नाही का तुला!'

मी ओरडले. केवढ्यानं ओरडले! शेजारच्या खोलीतली आजी घाबरून 'कोण ते?' म्हणाली. मावशी दारात आल्या. मी उभी होते, हातातला लॅपटॉप तिरका धरून, त्यातून दूध ठिबकतंय, आणि मला त्याच क्षणी लाज वाटली. ब्याऐंशी वर्षांच्या, काही न समजणाऱ्या बाईवर असं ओरडायचं?

आईनं माझ्याकडे बघितलं. खांद्यावरून पलीकडे नाही, माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. कॉलेजातून उशिरा आले की पडायची तीच.

'ओरडू नकोस,' ती म्हणाली, आणि माझं नाव घेतलं. 'सांडलं तर सांडलं. फडकं आण आधी. नुसती उभी काय राहतेस?'

माझ्या हातून लॅपटॉप पडायचाच राहिला.

वारज्याला चार महिने आणि इथे वर्षाच्या वर, मी माझ्या आईला अहो-जाहो करत होते. कशा आहात, घेतलीत का, बसू का. तेवीस वर्षांची सवय, तोंडाला वळणच पडलेलं, आणि समोर आजारी म्हातारी बाई दिसली की तेच बाहेर यायचं. माझ्या लक्षात आलं नाही. मावशींच्याही नाही, कारण त्याही तसंच बोलतात, आणि बाहेरच्याला ते किती छान, किती अदबीचं वाटतं. पण मराठी घरात आईला कोण अहो म्हणतं? सासूला म्हणतात. आईला सून नाही, तिला मुलगा नव्हता. मग समोर येऊन अहो आई म्हणणारी ही कुणाची तरी सून असणार, एवढा हिशेब तिनं बरोबर केला होता. चुकली ती नाही. मी कार्डावर नाव लिहून मोकळी झाले होते आणि हाक मात्र दुसऱ्याच घरची मारत होते.

लॅपटॉप गेला तो गेलाच. बिल्ड त्याच्यावर चालत नव्हतं, ते दूरच्या मशीनवर होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ते आपलं आपण नीट पुरं झालं होतं, एकही तक्रार नाही. लीडनं अंगठा पाठवला.

पण तेव्हा मला त्यातलं काही आठवतही नव्हतं. मी स्कार्फच घेतला आणि टेबल पुसायला लागले. आई पुसणाऱ्या हाताकडे बघत होती, कोपऱ्यात राहिलंय, तिथं पूस, अशा सूचना देत होती. मावशी दुसरा पेला आणायला गेल्या.

'कॉलेजातून येताना सारखी त्या स्टेशन रोडनं येऊ नकोस,' आई म्हणाली. 'गर्दी असते.' मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, 'इतके दिवस कुठे होतीस गं?'

'इथेच होते,' मी म्हणाले. 'इथेच होते गं आई.'

तिनं विचार केला. शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

'मग हाक नाही का मारायची?'